सातमाळ्यापासून सातपुड्यापर्यंत : जळगाव जिल्ह्यातली भटकंती

अजिंठ्याची लेणी पाहायला निघालेले बहुतेक प्रवासी जळगावला उतरतात, स्थानकाबाहेर वाहन ठरवतात आणि थेट फर्दापूरचा रस्ता धरतात. त्यांच्या दृष्टीने जळगाव म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण. दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, उत्तरेला सातपुडा आणि या दोहोंमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ज्याची घडण आहे तो जिल्हा त्यांच्या वाटेत येऊनही त्यांना दिसत नाही, याचे मला फार दिवसांपासून वाईट वाटत आले आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन पूर्व खानदेश निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला जळगाव हे नाव मिळाले. येथली जुनी ठिकाणे पाहत गेले की ती घाटाच्या तोंडाशी, झऱ्यापाशी किंवा नदीच्या संगमावरच वसलेली आढळतात. म्हणून मी आणि माझा मावसभाऊ यांनी दक्षिणेच्या डोंगरातून निघून उत्तरेच्या डोंगरात पोहोचायचे, असा बेत ठरवला. महिना कार्तिकाचा निवडला, कारण तोवर ओढ्यांना पाणी असते आणि चालणे सुखाचे होते.

पहिला दिवस : पाटणादेवी

चाळीसगावाहून दक्षिणेकडे निघाले की अर्ध्या-पाऊण तासात कपाशीचे रान मागे पडते आणि समोर डोंगराची अर्धवर्तुळाकार भिंत उभी राहते. या भिंतीच्या कुशीत पाटणे आहे. आज ते लहानसे खेडे असले तरी यादवांच्या काळात ते भरल्या बाजारपेठेचे नगर होते. सभोवतालचे जंगल गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येते. २६० चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्राचे हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि ते जळगाव व छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

चंडिकादेवीचे, म्हणजेच पाटणादेवीचे मंदिर दरीच्या तोंडाशी आहे. नवरात्रात आणि चैत्रात येथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा आवारात मोजकी माणसे होती. देवीचे दर्शन घेऊन आम्ही ज्यासाठी मुद्दाम आलो होतो त्या शिलालेखापाशी थांबलो. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. काळ इ. स. १२०७ चा. गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे आणि घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव या स्थानिक सत्ताधाऱ्यांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिले, अशी हकिगत त्यात कोरलेली आहे. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची सगळी वंशावळ त्यात येते आणि भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल आपल्यासोबत कसा घेऊन गेला, तेही येते.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी, जिथे दानाचा तपशील सुरू होतो तिथे मात्र भाषा त्या काळची मराठी होते. नगरात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा, ग्राहकांकडून मिळणारा वाटा आणि घाण्यामागे ठरावीक तेल मठाला द्यायचे, अशा त्या नोंदी आहेत. राजवंशाची स्तुती विद्वानांनी वाचायची होती, तर तेल प्रत्यक्ष तेल्याने द्यायचे होते; त्याला कळेल अशाच भाषेत ते लिहिणे भाग होते, असे मला वाटते. ग्रहगतीच्या अभ्यासाचा खर्च त्या गावच्या तेल्यावाण्यांनी उचलला होता, ही गोष्ट या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धान्तशिरोमणी ११५० चा, हे त्यांनी स्वतःच श्लोकात सांगून ठेवले आहे. आपल्या गावाचे विज्जलविड हे नावही त्यांनी दिले आहे, पण ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यामुळे पाटणे ही त्यांची जन्मभूमी होती असे छातीठोकपणे सांगणाऱ्या फलकांपेक्षा या लेखाचे सरळ मराठी वाचन येथे लावलेले मला अधिक आवडले असते.

दुपारी हेमाडपंती महादेव मंदिर पाहिले. चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले दगड आणि त्यांवरची कोरीव कामे पाहायला निवांत वेळ हवा. शेजारच्या कन्हेरगडाच्या कड्यात नागार्जुनाची कोठडी हे जैन लेणे आणि सीतेची न्हाणी आहे. केदारकुंडाकडे उतरणारी वाट ओढ्याच्या काठाने जाते. वाटेत भेटलेल्या गुराख्याने आमचे बूट पाहून अहिराणीत सांगितले, “दादा, सांभायीसन उतरज्यात, दगडे गयरे घसरट शेतस.” त्याचे म्हणणे खरे होते, शेवाळलेल्या धोंड्यांवर हातांचा आधार घेतच उतरावे लागले. धबधब्याची धार कार्तिकात बारीक झालेली असली तरी कुंड भरलेले होते. दिवस मावळण्याच्या आत जंगलाबाहेर पडणे येथे आवश्यक आहे, कारण बिबट्याचा वावर आहे.

दुसरा दिवस : पितळखोरा आणि चाळीसगाव

पितळखोऱ्याची लेणी जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, कन्नड तालुक्यात आहेत. तरीही पाटण्याच्या दरीतून वर पाहिले की त्याच डोंगराचा माथा दिसतो, आणि खानदेशात उतरणारी जुनी वाट समजून घ्यायची तर ती टाळता येत नाहीत. आम्ही कन्नडचा घाट चढून वरून गेलो. या घाटाला औट्रमचे नाव आहे. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स औट्रम तो हाच.

पठारावरून पायऱ्या उतरत गेले की दरी एकाएकी उघडते आणि तिच्या दोन्ही अंगांना मिळून १४ लेणी दिसू लागतात. त्यांतली सर्वांत जुनी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची, म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांच्या काळातली आहेत. पैठणहून निघालेल्या व्यापारी वाटेवर हा डोंगर होता. चैत्यगृहाच्या (स्तूपाच्या पूजेच्या दालनाच्या) खांबावर प्रतिष्ठानच्या (पैठणच्या) गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातील मितदेवाचे दान नोंदलेले आहे, तर विहारातल्या (भिक्षूंच्या निवासातल्या) लेखांत राजवैद्य मगिल आणि त्याची मुले यांची नावे येतात. अत्तराचा व्यापारी आणि राजाचा वैद्य यांनी या आडरानात दगड खोदून घ्यावा, याचा अर्थ त्या काळी हे आडरान नव्हते.

चैत्यगृहातले बरेचसे मूळ खांब ढासळले असून काही ठिकाणी सिमेंटचे आधार दिलेले आहेत. येथला बेसाल्ट थरांचा आणि ठिसूळ आहे. त्यात पाणी मुरते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. उरलेल्या खांबांवर नंतरच्या शतकांत रंगवलेली बुद्धाची चित्रे आहेत. शेजारच्या विहाराचा दर्शनी भाग पाहण्यात आमचा अर्धा दिवस गेला. जोत्यावर हत्तींची रांग आहे. सारे जोतेच त्यांनी पाठीवर तोलले आहे अशी ती रचना असून हत्तींच्या मानेवरच्या घंटा आणि अंगावरची झूल यांतला फरक अजून ओळखता येतो. दाराच्या दोन्ही बाजूंना द्वारपाल उभे आहेत. त्यांच्या अंगरख्याच्या चुण्या, हातातला भाला, ढाल आणि तिचे पट्टे इतक्या बारकाईने कोरलेले आहेत की दोन हजार वर्षांपूर्वीचा दख्खनचा सैनिक कसा दिसत असेल याचा याहून चांगला पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही. पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. डोंगरात मुरलेले पाणी मागच्या पन्हाळीतून आणून या फण्यांच्या छिद्रांतून बाहेर काढण्याची योजना शिल्पकारांनी केली होती. पाण्यापासून लेणे वाचवण्याची खटपट आणि मूर्तिकला या दोन गोष्टी त्यांनी एकाच दगडात साधल्या. पुढे त्याच पाण्याने लेण्यांचा घात केला, हे पाहून मन विषण्ण होते. येथे सापडलेली यक्षाची एक हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कण्हदास या सोनाराने आपले नाव कोरून ठेवले आहे. प्राचीन भारतात कारागिराचे नाव असे क्वचितच उरते.

संध्याकाळी चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळ केकी मूस यांचे घर पाहिले. १९१२ ते १९८९ असे आयुष्य लाभलेल्या या छायाचित्रकाराने त्यातली बहुतेक वर्षे याच घरात, उंबऱ्याबाहेर क्वचितच पाऊल टाकून काढली. टेबलावर कापूस, वाळू, काड्या आणि काचा मांडून त्यांनी हिमशिखरे, वाळवंटे आणि समुद्र यांची छायाचित्रे घेतली. दिवसभर खरे डोंगर पाहून आल्यावर ती छायाचित्रे पाहणे हा फार वेगळा अनुभव होता.

तिसरा दिवस : पारोळा, अमळनेर, पद्मालय

पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, असे मानले जाते. किल्ला गावाच्या मधोमध असून त्याच्याभोवती खंदक होता आणि दरवाजापाशी काढता-घालता येणारा पूल होता. बुरूज आणि जंग्यांची, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांची, तटबंदी अजून उभी आहे, परंतु खंदकात आणि तटाला लागून इतकी दाटी झाली आहे की किल्ल्याचा आकार नजरेत यायला तटावरून फिरावे लागते. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे याच जहागिरीशी बांधलेले होते आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक घेतलेला दामोदरराव हाही त्याच घराण्यातला होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी पारोळा जप्त केले. झाशीच्या किल्ल्यात जाणारा प्रवासी हे सारे वाचतो. पारोळ्याच्या वेशीवर मात्र त्याचा उल्लेख शोधावा लागतो.

अमळनेरला आम्ही थोडा वेळच थांबलो. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात येथे मोठी यात्रा भरते. प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर आणि ज्या शाळेत साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अध्यापन केले ती शाळा याच गावातली. एरंडोलमार्गे जळगावला जाताना पद्मालयाकडे वळलो. डोंगराळ झाडीत कमळांनी भरलेले तळे आणि त्याच्या काठी गणपतीचे दगडी मंदिर आहे. गाभाऱ्यात दोन मूर्ती असून एकीची सोंड डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे आहे. भीम आणि बकासुर यांची गाठ येथे पडली, अशी या भागात श्रद्धा आहे.

चौथा दिवस : बहिणाबाईंचे घर, चांगदेव, हतनूर

सकाळी जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात गेलो. आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लग्न होऊन या घरात आल्या, तरुणपणी विधवा झाल्या आणि १९५१ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नातलग यांनी उतरवून घेतल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. त्यांच्या वापरातली भांडी आणि शेतीची अवजारे येथे जपून ठेवलेली आहेत. घासून गुळगुळीत झालेल्या त्या वस्तू समोर आल्या की त्यांच्या कवितेतले शब्द कशावर घासले गेले, हे उमगते.

तेथून भुसावळमार्गे चांगदेव गाठले. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरचे हे गाव योगी चांगदेवांच्या नावाने ओळखले जाते. पाटण्याचा मठ स्थापणारा चांगदेव निराळा, हे येथे सांगायला हवे, कारण दोघांची गल्लत नेहमी होते. मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. कोनाकोनांनी पुढे-मागे होत जाणाऱ्या बाहेरच्या भिंतींवर दुपारचे ऊन तिरपे पडले की कोरीव थरांची सावली थेट जोत्यापर्यंत उतरते. मंदिरामागे उभे राहिले की दोन नद्या मिळून झालेला अफाट जलाशय दिसतो. तापी सातपुड्यातल्या मुलताईहून ७२४ किलोमीटरांचा प्रवास करत समुद्राला जाते. पश्चिमेकडे वाहणाऱ्या भारतातल्या मोजक्या मोठ्या नद्यांत तिची गणना होते आणि तिच्या गाळानेच खानदेशची काळी जमीन घडली आहे.

जवळच कोथळी आणि मेहूण येथे संत मुक्ताबाईंची मंदिरे आहेत. १२९७ मध्ये या तापीतीरावर विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, असे वारकरी मानतात. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवले आणि ते पाहून चिमुरड्या मुक्ताईने त्यांच्या कोरेपणावर बोट ठेवले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. गुरू झालेली मुक्ताई आणि शिष्य झालेले चांगदेव यांची स्थाने एकाच नदीच्या काठी हाकेच्या अंतरावर असावीत, याचा वारकऱ्यांना मोठा आनंद वाटतो आणि तो मलाही वाटला. पूर्वीच्या एदलाबाद तालुक्याचे नाव आता मुक्ताईनगर आहे. येथून निघणारी आषाढी पालखी पंढरपूरला जाणाऱ्या सर्वांत लांब पल्ल्याच्या पालख्यांपैकी एक आहे.

संगमाच्या खाली हतनूरचे धरण आहे. त्याच्या ४१ दरवाज्यांची रांग लांबूनही दिसते. हिवाळ्यात जलाशयाच्या उथळ काठावर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि लालसरी हे पाहुणे पक्षी उतरतात. कार्तिकात त्यांची सुरुवातच झालेली असते. चक्रवाकांच्या जोड्या आम्हाला दिसल्या, पण मोठे थवे पाहायचे असतील तर पौषात यावे.

पाचवा दिवस : फैजपूर आणि पाल

भुसावळ ओलांडून यावल-रावेरच्या पट्ट्यात शिरले की दोन्ही बाजूंना केळीच उभी राहते. जूनमध्ये लावलेली मृगबाग आणि पावसाळा संपता लावलेली कांदेबाग, अशा दोन हंगामांत ही शेती चालते. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागांभोवती वारा अडवण्यासाठी लावलेली शेवरी आणि बांधावरून घड वाहणारे मजूर पाहत आम्ही मावशींच्या शेतावर पोहोचलो. “पाहुण्यासारखे काय आलात, चार दिवस राहायचे होते,” असे म्हणत मावशींनी आम्हाला बसवून घेतले आणि वांग्यांचे काम काढले. हिरवी पांढुरकी जाड वांगी तुरीच्या वाळल्या काट्यांच्या जाळावर भाजतात. साल काळी झाली की ती सोलून गर लाकडी बडगीत मुसळीने ठेचतात. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून वर तेलाची फोडणी दिली की भरीत तयार होते. ते कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत किंवा पुरीसोबत खातात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही.

फैजपूरचे नाव देशाच्या इतिहासात आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले, ते येथे. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट नंदलाल बोस यांनी गावात मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या साहित्यातून केली होती आणि शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम या अधिवेशनाने स्वीकारला. त्या जागी उभे राहून सभोवतालच्या बागांकडे पाहिले की हे गाव का निवडले असेल, ते कळते.

दुपारी पालकडे निघालो. रावेरचा सपाट प्रदेश संपून सातपुड्याची चढण लागताच झाडे बदलतात. साग, सलई, धावडा आणि अंजन येथे मुबलक आहेत. अंजनाची पाने जोडीने येतात आणि दुभंगलेल्या खुरासारखी दिसतात. कोवळ्या पालवीला तांबूस झाक असते. हे जंगल यावल अभयारण्याचे आहे. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर आहे. पाल हे सुकी नदीच्या खोऱ्यातले थंड हवेचे गाव आहे. वस्ती मुख्यतः पावरा आणि तडवी समाजांची आहे. गारबर्डी धरणाच्या काठावर संध्याकाळ घालवली. येथे नौकाविहार, बाजार किंवा उपाहारगृहांची रांग नाही. मुक्कामाची सोय आधी करून आल्यास रात्रीचा गारवा आणि शांतता यांचा पुरेपूर लाभ मिळतो.

सहावा दिवस : उनपदेव

सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेकडे चोपडा तालुक्यात उतरलो. अडावदजवळच्या उनपदेव येथे डोंगराच्या तळातून गरम पाणी येते आणि दगडी गोमुखातून कुंडात पडते. हात लावताच मागे घ्यावा लागतो इतके ते गोमुखापाशी ऊन असते. कुंडात उतरल्यावर मात्र ते सोसवते. बेसाल्टच्या भेगांमधून खोलवर गेलेले पावसाचे पाणी तापून पायथ्याच्या भ्रंशांतून पुन्हा वर येते, असे या झऱ्यांचे स्पष्टीकरण आहे. शरभंग ऋषींच्या व्याधीवर उपाय म्हणून श्रीरामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा येथे सांगितली जाते. सुनपदेव आणि नाझरदेव हे आणखी दोन झरे याच परिसरात आहेत. त्वचेच्या विकारांवर गुण येतो या विश्वासाने दूरदूरचे लोक येतात, आणि पौषात यात्राही भरते. कुंडाजवळ साबण लावू नये, अशी सूचना लिहिलेली असूनही काहीजण ती पाळत नव्हते, हे खटकले; झऱ्याचे पाणी पुढे ओढ्याने शेतांत जाते.

आडगावाजवळच्या मनुदेवीच्या मंदिराकडे आणि तेथल्या धबधब्याकडे जायचे असेल तर श्रावण-भाद्रपद उत्तम. आम्ही उनपदेवहून परतताना ओढा ओलांडला तेव्हा त्याची धार आटत आली होती, म्हणून ती वाट पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवली. ज्यांना स्वतःचे वाहन नसेल त्यांनी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ आणि चोपडा येथे मुक्काम करून एस.टी.ने फिरावे, पाटणे, पाल आणि उनपदेव येथे मात्र संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ सकाळीच विचारून घ्यावी.